मोठ्यानं घाबर!

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मते जगातली निम्मी दुःखं माणसं पुटपुटतात म्हणून होतात. ओझरच्या विमान कारखान्यातून ते निवृत्त झाले, पण हौशी नाटकातून त्यांना निवृत्त करणं कुणालाच जमलेलं नाही. भाजीवाल्यानं "मेथी" म्हटलं की हे गॅलरीतून ओरडणार, "पोटातून आवाज काढ!" सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर बोलताना त्यांनी एकदा इतका परिणामकारक विराम घेतला, की ते संपले असं समजून सेक्रेटरींनी ठराव मंजूर करून टाकला.

खालच्या फ्लॅटमध्ये तीन अफगाण मुली राहायला आल्या. नाशिकला शिकायला आलेल्या. मागे त्यांच्या देशात सत्ता पालटली आणि परतीची वाटच बंद झाली. जिन्यात त्या भिंतीला चिकटून चालत. धाकटी फरीदा तर नमस्कारसुद्धा डोळ्यांनीच करायची. आम्ही "बिचाऱ्या" म्हणून मोकळे झालो. काका मात्र आपल्या नव्या नाटकाची वही घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"मराठी नहीं आती, अंकल," फरीदा म्हणाली.

"उत्तम! म्हणजे वाईट सवयी लागलेल्या नाहीत."

"मुझे डर लगता है."

"मग घाबर की. पण मोठ्यानं घाबर!"

पार्किंगमध्ये तालमी सुरू झाल्या. फरीदाला काम होतं सासरहून आईला फोन करणाऱ्या मुलीचं, वाक्यं चार. 'ळ' जमावा म्हणून काकांनी आठवडाभर तिच्याकडून "केळं, डोळे, वेळ" घोकून घेतलं. बदल्यात तिनं त्यांना आपल्याकडचा 'ख' शिकवला, त्यात त्यांचाच घसा बसला.

प्रयोगाला तीन वाक्यं नीट झाली. चौथं होतं, "आई, मी बरी आहे." फरीदा "आई" म्हणाली आणि थांबली. मग फोन कानाशी तसाच धरून ती आपल्या भाषेत बोलू लागली. आधी हळू, मग खणखणीत. विंगेतला प्रॉम्प्टर घाईघाईनं पानं उलटू लागला. एरवी एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी थयथयाट करणाऱ्या काकांनी त्याचा हात धरला.

"थांब. बोलू दे तिला."

सभागृहात एकालाही शब्द कळत नव्हता, आणि कुणी खोकतही नव्हतं.

आत आल्यावर ती म्हणाली, "चुकले मी."

"साफ चुकलीस," काका म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पुढे तिघींनी कॉलेजात स्वतःचं नाटकाचं पथक काढलं, आमच्या बिल्डिंगमधल्या मुलींनाही त्यात ओढलं. यंदा फरीदाला जर्मनीत प्रवेश मिळाला. काकांनी निरोपाचं भाषण पाठ केलं होतं. दोन दिवस ते आम्हाला छतातून ऐकू येत होतं. पण रिक्षा आली तेव्हा ते तिची बॅग घट्ट धरून नुसते उभे राहिले. शेवटी तिनंच ती हळूच सोडवून घेतली.

"काका," ती म्हणाली, "वेळेवर जेवत जा."