निळ्या बादलीतलं पुडकं

आमच्या कुडाळच्या आळीत घंटागाडीबरोबर येणाऱ्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. त्यांना मात्र आमचं सगळं माहीत असतं. साडीवर रेनकोट, केसांत अबोली, आणि बादली हाती आली की आधी ती जोखून बघायची सवय. हिरव्या बादलीत ओला, निळ्या बादलीत सुका कचरा; चूक झाली की त्यांना वजनावरूनच कळते.

गेल्या श्रावणात बायको बांद्याला माहेरी गेली आणि माझा संयम तिच्याच एसटीने गेला. खिडक्या लावून मी दोन बांगडे तळले. आदल्याच दिवशी शेजारच्या काकूंना श्रावणाचं महत्त्व सांगून बसलो होतो, म्हणून काटे वर्तमानपत्रात गुंडाळून निळ्या बादलीच्या तळाशी दडवले.

सकाळी काकूही आपल्या फाटकात दोन्ही बादल्या घेऊन उभ्या होत्या. बाईंनी माझी निळी बादली जोखली, पुडकं काढून हुंगलं आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तरांनू, बांगड्याचे काटे सुक्यात कित्याक?"

मी खोकलो. मांजरावर ढकलावं असं वाटलं, पण मांजर काही काटे वर्तमानपत्रात गुंडाळत नाही.

"श्रावण तुमचो तुमी बघा," बाई म्हणाल्या. "माका ओलो नि सुको येगळो होयो."

इतका सोपा धर्म मला कोणी सांगितला नव्हता. हसू आवरत काकूंकडे पाहिलं, तर त्या वाकून आपल्या निळ्या बादलीतलं एक पुडकं गुपचूप हिरव्या बादलीत टाकत होत्या.