वॉर्साला राहिलेला डबा

सकाळचे साडेसात. वॉर्साचा विमानतळ. बाहेर बर्फ. डॅलसहून मुंबईला निघालेले आम्ही तिघं, आणि पुढचं विमान चौदा तास लेट.

प्रवासातले किस्से मळक्या कपड्यांसारखे असतात. घरी येऊन बॅग उपसली की कळतं, केवढे साचलेत! नव्वदच्या दशकातला तो एक दिवस डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये आम्ही अजून पुरवून पुरवून सांगतो. आम्ही म्हणजे पुण्याचा शिरीष, शुद्ध शाकाहारी सॉफ्टवेअरवाला. त्याची बायको नंदा. आणि बातमीदारीत केस पांढरे केलेली मी.

चौथा मिलिंद, नागपूरचा, पण मागे अर्विंगलाच राहिलेला. व्हिसाच्या कागदांत अडकून तीन वर्षं घरी न गेलेला. मधल्या काळात त्याच्या आईला ऐकू येईनासं झालं. दर रविवारी हा फोनवर बोलायचा आणि बहीण ते आईला खुणांनी सांगायची. तिकडून रिपोर्ट मागवून त्याने कानाचं मशीन करून घेतलं, खोक्यावर नागपूरचा पत्ता चिकटवला आणि ते माझ्या हातात दिलं.

"जय भीम, ताई. चेक-इन नका करू हां. हातातच ठेवा."

नंदाकडे स्टीलचे सारखे दोन डबे होते. एकात लाडू, दुसऱ्यातल्या पोळ्या विमानात संपलेल्या. त्या रिकाम्या डब्यात मी खोकं ठेवलं, हलू नये म्हणून माझा मफलर कोंबला आणि दोन्ही डबे माझ्या पिशवीत घातले. मराठी माणूस पासपोर्ट विसरेल, डबा नाही!

*

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "प्लीज वेट."

"चौदा तास? आणि जेवण कोण देणार? लेखी द्या!" मी कडाडले.

त्याने शांतपणे ड्रॉवर उघडला आणि स्वतःचं अर्धं सँडविच माझ्यापुढे ठेवलं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मला पुढचा प्रश्न सुचेना! मग त्याने आम्हाला शहरात जायला पासपोर्टवर एका दिवसाचा शिक्का मिळवून दिला आणि शहराचा नकाशाही.

*

शहरात एका साध्या खाणावळीत शिरलो. काउंटरमागे एक जाडजूड बाई. इंग्रजीचा एक शब्द नाही. शिरीषने कागदावर गाय काढली आणि तिच्यावर फुली मारली.

बाईने मान डोलावली. सूपमधली साय काढली, ब्रेडवरचं लोणी खरवडलं, ग्लासातलं दूध परत नेलं. उरले उकडलेले बटाटे!

"काढ अजून चित्रं," नंदा म्हणाली.

*

दूध-लोणी चालतं हे नंदाने खुणांनी समजावलं, मग बाईने आम्हाला पिएरोगी आणून दिले. बटाटा आणि चीज भरलेले, उकडलेले.

"अगं, या तर करंज्या!" नंदा ओरडली आणि सरळ आत घुसली. बाईने पीठ पुढे सरकवलं. नंदाने कडेला मुरड घालून दाखवली. बाईने तिचे पिठाचे हात धरले आणि खूप वेळ सोडले नाहीत.

निघताना नंदाचे डोळे भरले. "ताई, रिकाम्या हाताने कसं उठायचं? लाडवांचा डबा द्या ना तिला."

मी दिला. बाईने तो न उघडताच छातीशी धरला.

*

विमान उडाल्यावर शिरीषने उरलेला डबा उघडला.

लाडू होते.

कोणीच खाल्ले नाहीत.

आयुष्यभर मंत्र्यांना जाब विचारणारी मी. त्या खाणावळीचं नावसुद्धा टिपलं नव्हतं! विमान कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिली. उत्तर शून्य. मिलिंदला फोन मीच केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, तुम्ही लोक नीट जेवलात ना?"

*

दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी अर्विंगमध्ये मिलिंदने नेहमीसारखा नागपूरला फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"आईला सांग गं, मी बोलतोय," बहिणीने उचलला असेल असं समजून तो सवयीने ओरडला.

"ओरडू नको रे," पलीकडून आई म्हणाली. "येतंय मला ऐकू."

डबा आदल्या दिवशी पोस्टाने पोचला होता. वर पोलंडची तिकिटं. मशीन शाबूत. मफलर बाईने ठेवून घेतला होता, आणि त्याच्या जागी काठोकाठ सुके आलुबुखार भरले होते.

डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिला कोणी सांगितलं? शिरीष आणि नंदा, दोघांचीही मी उलटतपासणी केली आहे. अजून कोणी कबूल झालेलं नाही.