चार नंबरची हाक

मी वजनकाटे दुरुस्त करतो. रत्नागिरीत, गेली अठ्ठावीस वर्षं. मच्छीबाजारातले काटे खाऱ्या हवेने गंजतात, किराणावाल्यांचे पिठाने अडकतात, आणि गिऱ्हाईक प्रत्येक वेळी हेच सांगतं की काटा ‘आपोआप’ चुकायला लागला. आपोआप काही होत नाही. उघडून बघितलं की कारण सापडतं — सैल स्क्रू, गंज, कधी मेलेलं झुरळ. तेव्हा चकवा, राखणदार वगैरे विषयांवर माझं मत काय असेल ते वेगळं सांगायला नको. असल्या अनुभवांचं हे सदर मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर त्यातल्या चुका काढायला.

आज स्वतः लिहितोय, कारण आमच्या घरात घडलेली एक गोष्ट लोकांच्या फोनवर फिरते आहे आणि ती चुकीची फिरते आहे. ‘रत्नदुर्गावर गाईडच्या मामाला कोणीतरी ढकललं’ — हे तुमच्यापैकी काही जणांनी वाचलं असेल. ती गाईड माझी मुलगी. मामा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. कोणी ढकललं नाही. जे झालं ते लिहितो, आणि जे मला माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ असंच लिहीन.

रेवा, माझी मुलगी, चोवीस वर्षांची. इतिहासात एम. ए. केलं आणि नोकरी शोधायच्या ऐवजी शनिवार-रविवार संध्याकाळी लोकांना किल्ला दाखवायला लागली. पाच वाजता पायथ्याशी जमायचं, वर जायचं, बालेकिल्ल्याच्या तटावरून फिरायचं, सूर्यास्त बघायचा, सात वाजायच्या आत खाली. सुरुवातीला तीन-चार जण यायचे, मग दहा-बारा येऊ लागले. रेवाच्या आईला ते कधी फारसं पटलं नव्हतं, पण पोरगी खुशीत होती, एवढं मला पुरेसं होतं.

या फेरीत शेवटी रेवा एक खेळ घेते. जुन्या काळी तटावरचे पहारेकरी एकमेकांना हाक देत, म्हणजे कोणी झोपलं किंवा पडलं तर लगेच कळे. तर ती पाच जणांना तटावर पाच जागी उभं करते आणि स्वतः दरवाजापाशी थांबते. एक नंबरवाल्याने ओरडायचं, ‘एक, हुश्शार!’ ते ऐकून दुसऱ्याने, ‘दोन, हुश्शार!’ असं करत हाक फिरून दरवाजापर्यंत आली की रेवा ओरडते, ‘सगळं ठीक!’ लोकांना हे फार आवडतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा — हाकेची पद्धत जुनी असेल, पण ते नंबर रेवाने जोडलेत. दोन वर्षांपूर्वी, आमच्या स्वयंपाकघरात बसून.

त्या रविवारी आम्ही अकरा जण होतो. आठ पर्यटक, रेवा, मी आणि अण्णा — म्हणजे वर सांगितलेले मामा. अण्णा एकसष्ट वर्षांचे, संगमेश्वरचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. भाचीचं काम बघायला मुद्दाम आले होते.

‘मामा, हाक द्याल का?’ रेवाने विचारलं.

‘ही काय विचारायची गोष्ट?’ अण्णा म्हणाले. ‘पस्तीस वर्षं राजापूर गाडीत मागनं पुढे डायवरला हाका मारल्यात. घंटीची दोरी तुटलेली असायची. सांग, कुठला नंबर?’

‘चार.’

चार नंबरची जागा कोपऱ्यावर आहे. मधे देऊळ येतं, त्यामुळे दरवाजातून ती दिसत नाही. तीन आणि पाच नंबरवाल्यांनाही वळणामुळे तिथला माणूस दिसत नाही, फक्त ऐकू येतो. हाकेचा खेळ तिथे खराखुरा वाटतो म्हणून रेवाने ती जागा निवडली होती.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा माझ्या घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती. अंधार नव्हता. खाली मिरकरवाड्याच्या धक्क्याला बोटी लागत होत्या, त्या मोजता येत होत्या एवढा उजेड होता. वारा साधारण. दरवाजापाशी आम्ही सहा जण — रेवा, मी आणि चार पर्यटक. त्यातली एक बाई फोनवर व्हिडिओ काढत होती.

‘एक, हुश्शार!’

‘दोन, हुश्शार!’

‘तीन, हुश्शार!’

मग काहीच नाही.

आम्ही थांबलो. कोणीतरी हसलं. मी म्हणालो, ‘अण्णा फोनवर असतील.’ हे वाक्य माझं आहे, ते लपवत नाही. अजून थोडा वेळ गेला. रेवाने तोंडाशी हात धरून आवाज दिला, ‘सोडा! पाच नंबर, तुम्ही द्या!’

पाच नंबरने हाक द्यायच्या आत तटावरून आवाज आला.

‘चार नाय!’

भुताखेतांच्या गोष्टीत असतो तसला आवाज नव्हता तो. घोगरा नाही, गूढ नाही. पुरुषाचा, मोठा, आणि — कसं सांगू — कंटाळलेला. रोज हजेरी घेणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्यात भीती नव्हती की घाई नव्हती. चार नाय. बस्स.

रेवा पळाली. मागून मी.

पाच नंबरला कोल्हापूरच्या एक नर्सबाई होत्या. त्या आमच्या आधी पोचल्या. अण्णा तटाच्या आतल्या बाजूला गवतात पडलेले, अंग घामाने चिंब, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर ओळख नाही. बाईंनी विचारलं, ‘यांना शुगर आहे का? आज काय खाल्लंय?’

त्या दिवशी संकष्टी होती. अण्णांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि उपास म्हणून दिवसभर बिनसाखरेच्या चहावर होते. साबुदाण्याची खिचडी आमच्या घरी केली होती, ती खाल्ली नाही. का? तर ‘साखर वाढते.’ गोळी मात्र चुकवली नाही! नर्सबाईंनी कोणाकडची तरी आंबावडी चुरून त्यांच्या गालाच्या आत चोळली. थोड्या वेळाने ते गिळायला लागले, मग बोलायला. उचलून खाली आणलं, हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा-पाऊण तास तसेच पडून राहिले असते तर आम्ही काही सांगू शकलो नसतो.

आता हिशेब.

दुसऱ्या दिवशी मी त्या सगळ्यांना वेगवेगळा मेसेज केला — जे ऐकलं तेवढंच लिहा, एकमेकांना विचारू नका. अण्णा सोडून आम्ही दहा जण. सहा जणांनी लिहिलं ‘चार नाही’, चौघांनी ‘चार नाय’. म्हणजे शब्दांवर एकमत आहे, उच्चारावर नाही. ‘ही हाक मी दिली’ असं एकानेही सांगितलं नाही. देवळात त्या वेळी दोन माणसं होती, त्यांनी आवाज ऐकला, दिला नाही. प्रतिध्वनी म्हणाल, तर कोणी न उच्चारलेल्या शब्दाचा प्रतिध्वनी येत नाही. बंदरावरचा भोंगा म्हणाल, तर भोंग्याला अण्णा चार नंबरला आहेत हे कुठून ठाऊक?

तीन आणि पाच नंबरवाल्यांना मी तटाचं चित्र पाठवलं आणि आवाज कुठून आला ते रेघ मारून दाखवा म्हटलं. दोन्ही रेघा जिथे छेदतात ती जागा अण्णा पडले होते तिथून चार पावलांवर आहे. मी जाऊन पावलं टाकून बघितली. माणूस उभा राहील एवढी जागा आहे. नर्सबाई तिथे सगळ्यात आधी पोचल्या, त्यांना माणूस दिसला नाही.

आणि व्हिडिओ. तो मी किती वेळा बघितला ते सांगत नाही, तुम्ही हसाल. एक्केचाळीस सेकंदांचा आहे. बाराव्या सेकंदाला ‘तीन, हुश्शार’ ऐकू येतं. मग वारा, कोणाचं तरी हसणं, माझं ते वाक्य, रेवाची ‘पाच नंबर’ला हाक — सगळं स्वच्छ. एकतिसाव्या सेकंदाला चित्रातल्या सगळ्यांच्या माना एकदम तटाकडे वळतात. माझीही. आवाज मात्र नाही. वाऱ्याचा आहे, एका कावळ्याचा आहे. ‘चार नाय’ नाही.

हे सगळं माझ्या बायकोने, सुनंदाने, ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग? बसतं का तुमच्या काट्यावर?’

‘नाही बसत,’ मी म्हणालो. ‘म्हणून अंदाजाने वजन सांगू?’

तोवर गोष्ट फोनवर सुटली होती. पुढच्या रविवारी चौदा जणांचं बुकिंग होतं, ते रद्द झालं. शेजारच्या बाई सुनंदाला सांगून गेल्या, मुलीच्या जातीने तिन्हीसांजेला गडावर जाऊ नये, उद्या स्थळं बघायला लागाल तेव्हा कळेल. अण्णा हॉस्पिटलातून आमच्याकडेच आले होते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी निकाल दिला.

‘भावोजी, गडावर नारळ ठेवा नि गाऱ्हाणं घाला. नायतर पोरीला हे बंद करायला सांगा. दोनातलं एक.’

‘गाऱ्हाणं काय घालू? आमचा मेव्हणा गोळी घेऊन उपाशी राहिला, सांभाळून घ्या?’

‘अहो, आजारी माणसाशी असं बोलतात का?’ सुनंदा म्हणाली.

‘आजारी आहे म्हणून बरोबर ठरत नाही.’

‘थट्टा नको,’ अण्णा उठून बसले. ‘त्या जागेला कोणतरी हाय. हाय तर मान द्यायला हवा. पस्तीस वर्षं घाटात गाडीवर होतो, प्रत्येक वळणावर हात जोडले, म्हणून जिवंत आहे.’

‘ब्रेक चालू होते म्हणून जिवंत आहात,’ मी म्हणालो. ‘आणि समजा जुना पहारेकरी आहे, तर त्याला नंबर कसा कळला? नंबर रेवाने लावलेत. तो काय दर रविवारी येऊन शिकला?’

खरं सांगतो, ते विचारताना माझ्याच अंगावर काटा आला होता, पण मी ते दाखवलं नाही.

रेवा तिथेच बसली होती. ती म्हणाली, ‘मामा, पहाऱ्याची हाक कशासाठी असते? कोण पडलं ते कळावं म्हणून. कळलं ना? ज्याने कोणी सांगितलं त्याने आपलं काम केलं. चुकलं ते माझं. चार नंबरचा आवाज आला नाही तर मी म्हणाले, सोडा, पाच नंबर द्या. रोज लोकांना सांगते, हाक तुटली की माणूस बघायला जायचं — आणि माझ्या स्वतःच्या मामाची हाक तुटली तर मी पुढे गेले. बंद करायचं तर मी त्यासाठी करीन. भुतासाठी नाही.’

सुनंदाने डोळ्यांना पदर लावला आणि आत जाऊन उगीच भांडी घासायला घेतली. मग आतूनच म्हणाली, ‘बंद करू नकोस. पण एकटी जायचं नाही. बाबांना ने.’

नारळ आम्ही ठेवला नाही. नियम मात्र बदलला. आता प्रत्येक जागी दोघं उभे असतात; माणसं कमी आली तर जागा कमी करतो, पण चार नंबर ठेवतो. वर जायच्या आधी रेवा सगळ्यांना विचारते — शुगर, बीपी, काय खाल्लंय. आणि एक हाक आली नाही तर खेळ तिथेच थांबतो, माणूस बघितला जातो. त्यानंतरच्या पहिल्या फेरीला तिघं आले. दुसरीला पाच. चार नंबरला मी उभा राहतो, बरोबर कोणीतरी एक. आजवर अकरा फेऱ्या झाल्या. मी हाक देतो, ती फिरते, रेवा ‘सगळं ठीक’ म्हणते, आम्ही उतरतो. वेगळं काही ऐकू आलेलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण फोनवरची गोष्ट सांगते की रोज ऐकू येतं.

अकराव्या फेरीला पायथ्याशी अण्णा उभे. कोणाला न सांगता संगमेश्वरहून एसटीने आले होते.

‘पोहे खाल्लेत,’ मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. ‘गोळी पण घेतलीय. दोन्ही. चार नंबर माझा हाय, तुम्ही बाजूला उभे ऱ्हावा.’

उभे राहिलो. सूर्य गेला. एक आली, दोन आली, तीन आली. अण्णांनी छाती भरून घेतली आणि ‘चार, हुश्शार!’ असं ओरडले की खाली समुद्रावर ऐकू गेलं असावं. पाच आली. दरवाजातून रेवाचा आवाज आला — ‘सगळं ठीक!’

मी निघालो. अण्णा निघेनात. ते तटाला हात लावून उभे होते, तोंड त्या कोपऱ्याकडे, जिथे माझ्या चित्रातल्या दोन रेघा छेदतात. ती जागा मी त्यांना कधी दाखवली नव्हती. घरी त्यावर बोलणं झालं असेल, त्यांनी ऐकलं असेल. नसेलही. मी विचारलं नाही. मग ते कंडक्टरच्या आवाजात, मोठ्याने, एकदाच म्हणाले —

‘चार हाय!’

थोडं थांबले. काही आलं नाही. मान हलवली आणि माझ्या पुढे उतरायला लागले.

‘कोणाला सांगितलंत?’ मी विचारलं.

‘ज्याने नाय म्हणून सांगितलं होतं, त्याला,’ ते म्हणाले. ‘त्याच्या वहीत मी अजून गैरहजरच असेन ना.’

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

भूत आहे असं मी म्हणत नाही. तुम्हीही माझं नाव पुढे करून म्हणू नका. माझ्या वहीत त्या रविवारचं सगळं लिहिलेलं आहे — माणसं, वेळा, सेकंद, पावलं. ‘हाक कोणी दिली’ या ओळीपुढे जागा रिकामी आहे. ती मला भरता आली नाही, आणि ज्यांना ती भुताने भरायची घाई झालीय त्यांना मी भरू देणार नाही. माझ्या मुलीचं काम तर त्या रिकाम्या जागेपायी मुळीच बंद होणार नाही.

शनिवार-रविवार, संध्याकाळी पाच, पायथ्याशी. येताना काहीतरी खाऊन या.