पोळ्याला जेवून गेला तो कोण?

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. तुमसरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. गावात कोणाला 'बाहेरचं लागलं' की मी आधी त्याचं हिमोग्लोबिन विचारते, आणि बहुतेक वेळा भूत तिथेच सापडतं. या ग्रुपवरचे किस्से वाचून 'भाऊ, झोप पूर्ण घेत जा' अशी कमेंट टाकणारी बाई मीच. आता तुम्ही मला तेच लिहाल... लिहा. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याकडचं. नाव देत नाही, कारण पुढे जे झालं त्यात माझे सख्खे चुलतभाऊ आहेत. माणसांची नावंही बदलली आहेत. घर गावाच्या टोकाला — समोर अंगण, मागे गोठा, आणि गोठ्याला लागूनच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. घरात आई, बाबा आणि मी. वय एकतीस, लग्न नाही. आमच्याकडे ही गोष्ट कोणत्याही भुतापेक्षा भयंकर समजतात.

पाहायला येणाऱ्यांना पोहे देऊन देऊन मी कंटाळले, तेव्हा लॅबमधल्या मैत्रिणीनं माझ्या फोनमध्ये डेटिंग ॲप टाकून दिलं. पुण्या-मुंबईचं मला माहीत नाही, पण भंडारा जिल्ह्यात हे ॲप उघडलं की चहा थंड व्हायच्या आत माणसं संपतात. पहिलाच फोटो आमच्या गावच्या एका जावयाचा निघाला — 'सिंगल, प्रेमळ स्वभाव'! (त्याची बायको माझ्यासोबत शाळेत होती.) एकानं तिसऱ्या मेसेजला जात विचारली. एक जण ज्या जीपला टेकून उभा होता, ती आमच्या लॅबच्या डॉक्टरांची होती. अंतर वाढवलं की नागपूरवाले दिसायचे, आणि 'भंडारा? बापरे' म्हणून गायब व्हायचे. मी ॲप काढून टाकणारच होते, तेवढ्यात भूषण भेटला.

भूषण वरठीच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचा आणि तिथेच खोली करून राहायचा. तुमसरच्या बस स्टँडसमोर आम्ही पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यानं हेल्मेट काढलं, फोनवरचा स्वतःचा फोटो गालाशी धरला आणि म्हणाला, "पाहून घ्या मॅडम, फोटोतला मीच हाओ. मंग म्हणू नोका, दुसराच निघाला म्हणून." मी इतकी हसले की चहावाला वळून पाहायला लागला. डाव्या भुवईखाली तीळ, निळा चौकडीचा शर्ट. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तर गाडी थांबवून त्यालाच "जाय बावा तू पहिले" म्हणणारा माणूस. आवाज चढवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दिवाळीनंतर घरी सांगायचं असं आमचं ठरलं होतं. माझं त्याच्यावर प्रेम होतं, हे सरळच लिहिते, लपवण्यात आता काय अर्थ आहे.

आता पोळ्याचं. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. हळद घातलेलं कोमट तूप पळसाच्या पानानं खांद्यावर चोळायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं — 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आवतन म्हणजे आमंत्रण. वर्षभर राबलेल्या जनावराला माणसासारखं रीतसर जेवायला बोलवायचं.

आमची जोडी बाबांनी गेल्या वर्षी विकली, आता नांगरायला भाड्याचा ट्रॅक्टर सांगतो. पण जू काही त्यांनी विकलं नाही, ते गोठ्यात टांगलेलं आहे. त्या संध्याकाळी बाबा वाटीत हळद-तूप घेऊन गोठ्यात गेले. जुवाला तूप चोळलं. बोल मात्र त्यांच्या तोंडातून फुटेना. डोळे पुसत उठले.

आई दारातूनच म्हणाली, "बरं झालं नाही बोलले. रिकाम्या जुवाजवळ आवतन देत नसतात. कोन आयकते, कोन येते, कायचा भरोसा?"

"आता कोन येते वं? बैल तं गेले," बाबा म्हणाले आणि वाटी तिथेच ठेवून घरात गेले.

वाटी उचलायला मी गेले आणि तेवढ्यात भूषणचा व्हिडिओ कॉल आला. मी जुवाखालीच बसून बोलले. गोठा दाखवला, वाटी दाखवली, बाबांचं सांगितलं. तर हा म्हणतो, "मले नाही का आवतन? मी बी तं बैलच हाओ. पोळ्यासाठी सगळे सुट्टीवर, अन मी एकटा ओढून राहिलो."

मला लाड आला. अंगठा तुपात बुडवला, स्क्रीनवर त्याच्या उजव्या खांद्यावर टेकवला आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"घेतलं," तो हसत म्हणाला. "पण उद्या ड्युटी हाये मॅडम, येता नाही येणार. पुरणपोळी ठेवजा माह्यासाठी."

फोन ओढणीला पुसला आणि स्वयंपाकघरात गेले. बस, एवढंच केलं मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातले सगळे आखरावर, म्हणजे जिथे पोळा भरतो त्या मैदानावर गेले होते. ढोल ऐकू येत होते, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू होत्या. बैलाशिवाय तोरणाखाली कोणत्या तोंडानं उभं राहायचं म्हणून बाबा घरीच पडून होते. मागच्या पडवीत चुलीवर आई वडे तळत होती, मी पोळ्या लाटत होते. गोठ्याच्या बाजूनं कोणी आलं म्हणून मान वर केली, तर भूषण.

तोच निळा चौकडीचा शर्ट. अनवाणी, गुडघ्यापर्यंत बांधीचा चिखल. मी लाटणं हातात घेऊनच उठले. मी त्याला घराचा पत्ता कधीच दिला नव्हता.

"अरे, तू? ड्युटी होती नं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं फक्त. भुवईखालचा तीळसुद्धा तिथेच.

"कोन होय?" आईनं विचारलं.

"ओळखीचे हायेत... लॅबमधले," मी काहीतरी फेकलं.

आईनं मला एकदा खालून वरून न्याहाळलं. तिला काय कळायचं ते कळलं असावं. पण पोळ्याचा दिवस होता. "बस बापू," म्हणाली, "आजच्या दिवशी दारातून कोनी उपाशी जात नाही."

तो बसला. ताट वाढलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यानं ताटात तोंड घातलं.

मी हसले... हो, हसले! मला वाटलं, कालची गंमत पुढे चालवतोय, बैल झालाय. "बस कर नं, आई पाहून राहिली," मी कुजबुजले. तो खात राहिला. पोळी, वडा, भात, सगळं खाली मानेनं, चावत, श्वास टाकत. मग माझं लक्ष त्याच्या उजव्या खांद्यावर गेलं. शर्टावर हळदीचा तेलकट डाग होता, अंगठ्याएवढा. माझं हसू तिथल्या तिथे वाळलं.

तेवढ्यात आतून बाबा आले. घरात नवा माणूस बघून त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोन गावचे पाव्हणे?" तो ताट चाटत होता. बाबा वाकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाले, "पोट भरलं का बापू?"

तो उठला तो डोकं खाली घालूनच. ताट उडालं. त्याचं डोकं बाबांच्या छातीवर बसलं आणि बाबा भिंतीवर आदळले. तो मागे सरला आणि पुन्हा गेला. पुन्हा तसाच. बरगड्या मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बाबांच्या तोंडातून रक्त आलं, ते घसरत खाली बसले, तरी हा थांबेना. मी मागून त्याचा शर्ट धरून लोंबकळले, तेव्हा तो वळला. एका हातानं माझा गळा धरला आणि मला उचललं. माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ होता — पुरणाचा वास येत होता — आणि त्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. ज्या चेहऱ्याकडे बघून मी रोज झोपायचे, तोच चेहरा शांतपणे माझा जीव घेत होता.

डोळ्यांपुढे अंधार यायला लागला तेव्हा आईनं चुलीवरची कढई उचलली. नुसत्या हातांनी. उकळतं तेल तिनं त्याच्या खांद्यावर आणि पाठीवर ओतलं. शर्ट कातडीला चिकटला, कातडी सुटून आली. तो वास मी लिहू शकत नाही. त्याच्या तोंडून हूं की चूं नाही! मला सोडलं, गोठ्यातून बाहेर पडला आणि बांध्यांमधून सरळ चालत गेला. शेजारच्या काकूनं तिच्या परसातून पाहिलं — निळा शर्ट, सोललेली पाठ.

बाबांना आधी तुमसरला आणि तिथून भंडाऱ्याच्या सरकारी हॉस्पिटलला नेलं. आईच्या दोन्ही हातांना पट्ट्या. मोठ्या काकांचा गजूदादा आखरावरून तसाच धावत आला होता. गाडीत त्यानं मला विचारलं, "कोन होता थो?" माझ्या गळ्यातून आवाज निघत नव्हता, तरी मी सांगितलं. नाव, वरठी, खोली कुठे ते सगळं.

"हात मोडतो त्याचे," गजूदादा म्हणाला. मी मान हलवली.

दिवस मावळायच्या आत गजूदादा आणि आणखी तिघं चुलतभाऊ वरठीला पोचले. भूषण ड्युटीवरून येऊन खोलीसमोर गाडीला टेकून कोणाशी तरी बोलत होता. त्यांनी त्याला काही विचारलंच नाही. लोखंडी सळाखी होत्या, बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी होती. जबडा मोडला, दात सांडले, उजवा पाय दोन ठिकाणी. तो "भाऊ, काहून? भाऊ, काहून?" एवढंच विचारत होता, असं दादानं नंतर मला सांगितलं. जमलेल्या लोकांना आमच्या घरात काय झालं त्याचा पुरावा दाखवावा म्हणून दादानं त्याचा शर्ट फाडला.

मला फोन आला तेव्हा मी बाबांच्या वॉर्डाबाहेर होते. दादाचा आवाज बायकांसारखा पातळ झाला होता. "प्रणू... पाठ तं साफ हाये ना वं याची."

एक फोड नाही. लाल डागसुद्धा नाही. त्याच्यासोबत काम करणाऱ्यांनीच त्याला याच हॉस्पिटलला आणलं. ते म्हणाले, हा सकाळपासून क्रेनवर होता, आम्ही सगळे खाली होतो, उतरला तो फक्त जेवणाच्या सुट्टीत. "अन जेवला बी नाही," एक जण म्हणाला. "डबा उघडला अन बंद केला. म्हणे, पोट गच्च भरल्यावानी वाटून राहिलं."

तुम्ही जे जे सुचवाल ते सगळं मी तपासलं आहे. जुळा भाऊ नाही, तो आईला एकुलता एक आहे. जेवणात काही मिसळलं होतं म्हणाल तर आम्ही जेवलोच नव्हतो. भास म्हणाल तर बाबांच्या बरगड्या कोणी मोडल्या? माझ्या गळ्यावर बोटांचे वळ कोणाचे? भाजलेल्या पाठीचा माणूस पोलिसांनी दवाखान्या-दवाखान्यांत शोधला. कुठेच नाही. गोठ्यातलं मी सांगितल्यापासून आई म्हणते, आवतन दिलं होतं, आलं ते जेवलं, त्यात त्याचा काय दोष. हे ऐकून मी तिच्यावर ओरडते.

बाबा धोक्याबाहेर आले तेव्हा मी भूषणच्या वॉर्डात गेले. भर दुपार होती, भेटायच्या वेळेची गर्दी होती. त्याच्या आईला मी कोण ते माहीत नव्हतं. तिनं मला स्टूल दिलं आणि पाणी आणायला गेली. पोलिसांनी त्याचं बयाण आधीच घेतलं होतं. मारणाऱ्यांची तोंडं बांधलेली होती, ओळखलं नाही, असं त्यानं सांगितलं होतं. दादाचं तोंड उघडं होतं.

तारेनं बांधलेल्या जबड्यातून तो बोलला, "बाबूजी कसे हायेत?"

"बरे हायेत."

मग छताकडे पाहत म्हणाला, "मी आलो होतो का वं?"

"नाही," मी म्हणाले. "तू नव्हता." आणि ते मनापासून म्हणाले, देवाशपथ.

"मंग रडून काहून राहिली?" असं म्हणून त्यानं माझे डोळे पुसायला हात पुढे केला.

मी किंचाळले. स्टूल पडलं, मी पलीकडच्या खाटेवर जाऊन आदळले, सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला. भूषणचा हात तसाच हवेत होता. त्यानं थोडा वेळ आपल्याच हाताकडे पाहिलं, मग तो चादरीखाली घेतला.

"जाय तू," म्हणाला. "बाबूजी एकटे असतीन."

आता तो काठी घेऊन चालतो असं ऐकते. त्यानं फोन केला नाही, मीही केला नाही. माझ्याजवळ आजही कोणतंच स्पष्टीकरण नाही. आयुष्यभर भुतांना हसलेली बाई मी, पण ते भूत होतं असं कोणी मला पटवून दिलं तर मी त्याचे पाय धरीन. ते भूषण नव्हतं हे माझ्या डोक्याला माहीत आहे. माझ्या गळ्याला ते कोणीतरी सांगा.