गोपनीय मानपत्र

“ही? हिचा काही त्रासच नाही.”

स्टाफरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभी होते. शिफारसपत्रांच्या यादीतल्या माझ्या नावावर बोट ठेवून बोलणाऱ्या आमच्या वर्गशिक्षिका होत्या. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्यांना ‘मिस’ म्हणायचं असतं, मिसची स्वतःची मुलगी कॉलेजात असली तरी.

“मग हिच्याबद्दल लिहिणार काय?” आतल्या दुसऱ्या मिसनी विचारलं.

“तेच की. त्रास दिला असता तर काही आठवलं तरी असतं.”

दोघी हसल्या. मी मनात वीसपर्यंत अंक म्हटले आणि नुकतीच आल्यासारखा चेहरा करून ‘मे आय कम इन’ विचारलं.

मला शिफारसपत्र हवं होतं. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठात समाजशास्त्राचा चार वर्षांचा ऑनर्स कोर्स होता आणि निवड झालेल्यांपैकी थोड्या जणांना पूर्ण फी माफ होती. माफ न झालेली फी किती, हे वेबसाइटवर बरंच आत जाऊन शोधावं लागायचं. पप्पांनी ते पान एकदाच पाहिलं आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला, तापलेला तवा द्यावा तसा. घरात ठरलं ते असं: स्कॉलरशिप मिळाली तर पुणे. नाही मिळाली तर घराजवळचं कॉलेज आणि बी.कॉम. त्या कॉलेजचा फॉर्म पप्पांनी आणून, वर माझं नाव घालून, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाही होता. बी.कॉम.शी माझं भांडण नव्हतं. पण माझ्या दोन्ही आतेबहिणी त्याच कॉलेजात गेल्या होत्या. सकाळी डबा, दुपारी घर, तिसऱ्या वर्षी साखरपुडा.

मिसनी माझं बोलणं ऐकून घेतलं. म्हणजे मी अर्धं वाक्य बोलले आणि उरलेलं त्यांनी ओळखलं.

“बेटा, तूच लिहून आण ना. मी सही करते. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.”

हे बोलताना त्यांची नजर माझ्या छातीवरच्या ओळखपत्रावर होती. नाव वाचून झाल्यावर त्यांनी ते एकदा प्रेमाने उच्चारलंसुद्धा.

विद्यापीठाच्या सूचना स्पष्ट होत्या. पत्र उमेदवाराला जवळून ओळखणाऱ्या शिक्षकाचं असावं. ते गोपनीय असावं. उमेदवाराने ते वाचू नये. उमेदवाराने ते लिहू नये, असं मात्र कुठेही म्हटलेलं नव्हतं.

माझ्या वर्गातल्या सगळ्यांनीच आपापली पत्रं आपणच लिहिली होती. एकाने स्वतःला ‘जन्मजात नेता’ म्हटलं होतं आणि मिसनी त्यातलं स्पेलिंग दुरुस्त करून सही केली होती. मला ते जमेना. स्वतःबद्दल ‘ती’ म्हणून लिहायला बसलं की ती कुणी दुसरीच वाटायची, आणि त्या दुसरीचंही मला फारसं कौतुक वाटायचं नाही. दोन दिवसांत चार ओळी झाल्या. ती शांत आहे. ती नियमित आहे. तिचं अक्षर चांगलं आहे. तिला वाचनाची आवड आहे.

चौथ्या ओळीवर थोरल्या काकांचा हात पडला.

काका खालच्या मजल्यावर राहतात. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. आमच्या भागात कुणी निवृत्त झालं, निवडून आलं किंवा परदेशातल्या मुलाकडे जाऊन आलं, की सत्कार होतो. शाल, नारळ आणि चादर बाजारात मिळते. मानपत्र काकांकडे मिळतं. कितीतरी घरांच्या भिंतींवर काकांची वाक्यं फ्रेममध्ये लटकतायत. बोलताना काका हाय-न्हाय करतात. कागदाला पेन टेकलं की मात्र त्यांच्यात कुणीतरी संस्कृत पंडित शिरतो आणि सही होईपर्यंत बाहेर पडत नाही.

“ह्ये काय लिवलंय? शांत आन् नियमित. पोरीचं वर्णन हाय का पंख्याचं?”

“काका, शिफारसपत्र आहे ते.”

“शिफारस नोकरीला लागती. तू कशाला बसलीयस? ऑनरला. ऑनर म्हंजे काय? मान. मग त्यांना काय पायजे? मानपत्र पायजे की!”

पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला.

“दादा, तसं नसतंय ते.”

“तू गप बे. इतकी मानपत्रं लिवली, एक तरी माघारी आलं का?”

आलं नव्हतं. माघारी येण्याची सोयच नसते, हे मी बोलले नाही. मी तेव्हा बरंच काही बोलायची नाही.

संध्याकाळपर्यंत मानपत्र तयार झालं आणि काकांनी ते आमच्या बैठकीच्या खोलीत उभं राहून वाचलं. ‘आपण समईप्रमाणे मंद तेवत राहून या विद्यालयातील अंधःकार उजळून टाकलात. आपल्या प्रसन्न हास्याने कित्येकांचे श्रम हलके झाले.’

“काका, मी शाळेत हसत नाही.”

“मग काय झालं? आमचे साहेब तरी कुटं हसायचे? त्यांच्या मानपत्रात बी ह्येच हाय.”

शेवटी नेहमीची ओळ होती: ‘आपले उर्वरित आयुष्य सुखाचे, समाधानाचे व निरामय जावो, हीच प्रार्थना.’ ही ओळ काकांनी गेल्या कित्येक वर्षांत बदललेली नव्हती. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली होती. ती ओळ ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा रीतीने ते गोपनीय पत्र आमच्या घरातल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि खिडकी उघडी असल्यामुळे शेजारच्यांनीही.

इंग्रजी करायचं काम माझं. काका शेजारी खुर्ची टाकून बसले आणि एकही शब्द गळू देईनात. भाषांतरात समईचं काहीतरी बिनसलं. मराठीत ती शांतपणे तेवत होती. इंग्रजीत मी बारा वर्षं शाळेत हळूहळू जळत होते. उर्वरित आयुष्याच्या ओळीला मी थांबले. ती गाळायला हवी होती. पण काका म्हणाले, “आशीर्वाद गाळतात व्हय गं?” आणि मी ती टाईप केली. खरं सांगायचं तर मला आतून थोडी मजाही वाटत होती. हे कुठे जाणार आहे, असं मला वाटत होतं. माझ्या चार ओळींचं पत्र माझ्याकडे होतंच.

दोन्हींच्या प्रिंट काढून मी मिसकडे गेले. दुसरी प्रिंट कशाला नेली, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. काकांनी ‘दाखव तरी’ म्हटलं होतं, एवढंच.

मिस पेपर तपासत होत्या. त्यांनी माझं पत्र उचललं, उलटून मागे काही आहे का पाहिलं.

“हे काय गं? यात तर काहीच नाही.”

मग काकांचं उचललं. ते पानभर होतं. त्यांनी पहिली ओळ वाचली, लांबी पाहिली आणि खूश झाल्या.

“हे बघ, असं हवं! लिहिता येतं की तुला.”

सही झाली. शाळेचा शिक्का बसला. विद्यापीठाची लिंक मिसच्या मोबाईलवर आली होती, तो मोबाईल त्यांनी माझ्याच हातात दिला आणि म्हणाल्या, “तूच अपलोड कर बेटा, मला ते जमत नाही.” ‘मिस, ते नको, हे पाठवू या,’ एवढंच वाक्य होतं. मी ते घशापर्यंत आणलं. तेवढ्यात घंटा झाली, मिस उठल्या आणि माझं बोट बटणावर पडलं. फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न होता: आपण उमेदवाराला किती ओळखता? मिसनी जाता जाता सांगितलं, “व्हेरी वेल लाव.” मी लावलं.

पंधरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. ऑनलाईन, सकाळी अकराला. स्कॉलरशिपचा निर्णय त्यावरच होणार होता. घरात अर्थातच मानपत्राचा विजय साजरा झाला. काकांनी दोन दिवस कुणाशी साधं बोलणं केलं नाही, सगळं पुस्तकी.

बैठकीतल्या भिंतीचा रंग उडालेला होता, म्हणून आईने माझ्या मागे नवी कोरी चादर टांगली. मोरांची. कुठल्यातरी सत्कारात काकांनाच मिळालेली. पडद्यावर मी स्टेजवर बसवलेल्या सत्कारमूर्तीसारखी दिसत होते, फक्त नारळ नव्हता. काका टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, पाटावर बसले. “मी काय बोलनार न्हाय,” ते म्हणाले. “निस्तं बसतो. आधार असावा मानसाला.”

समोर एक बाई आणि एक सर होते. सुरुवातीचे प्रश्न पाठ केल्याप्रमाणे आले आणि पाठ केल्याप्रमाणे गेले. मी बरी बोलत होते. म्हणजे परीक्षेच्या गाईडसारखी. सर खाली बघून काही लिहीत नव्हते, हेही मला दिसत होतं. मग बाईंनी एक कागद उचलला आणि चष्मा वर केला.

“तुमच्या शिक्षिकांचं पत्र फार वेगळं आहे. त्या म्हणतात, तुम्ही शाळेतला अंधार दूर केलात. कोणता अंधार?”

टेबलापलीकडून काकांचा आवाज आला.

“लोडशेडिंग! लोडशेडिंग सांग की!”

बाई थांबल्या. “तुमच्याबरोबर कुणी आहे का?”

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही कळलं नाही. सर पहिल्यांदाच पुढे सरकले. त्यांनी तोच कागद हातात घेतला होता आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, दवाखान्यात बोलतात तसा.

“हे बघा, सांगायचं नसेल तर सांगू नका. पण पत्राच्या शेवटी तुमचं उर्वरित आयुष्य त्रासाविना जावं, अशी प्रार्थना केली आहे. तुमची प्रकृती ठीक आहे ना? विद्यापीठात अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. त्याचा विचार आम्ही नक्की करू.”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती आणि तिला इंग्रजी पूर्ण कळत नसलं तरी सर मायेने बोलतायत हे कळलं होतं. तिने मला खूण केली: हो म्हण. काकाही जोरजोरात मान हलवत होते. हो म्हटलं असतं तर बहुतेक काम झालं असतं. नाही म्हटलं तर ते पत्र कुणी लिहिलं हे सांगावं लागणार होतं, आणि टीव्हीखालचा तो बी.कॉम.चा फॉर्म मला बंद ड्रॉवरमधूनही दिसल्यासारखा झाला.

मी तळहात मागच्या चादरीला पुसले.

“काका, तुम्ही आत जा,” मी म्हणाले. माईक चालू होता. “आई, तूपण.”

ते गेले. काका पाट घेऊन गेले. मी पडद्याकडे पाहिलं, आणि शाळेत बारा वर्षं शिकलेलं इंग्रजी पहिल्यांदा कुणी न सांगता बोलले.

“सर, माझी तब्येत उत्तम आहे. ते पत्र माझ्या काकांनी लिहिलं आणि मी भाषांतर केलं, मिसनी फक्त सही केली. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं त्यांना काही आठवलं नाही, आणि ती काही त्यांची चूक नाही, मी वर्गात कधी बोललेच नाही. पण मला त्या वर्गातलं सगळं आठवतं. कोण कुणाशेजारी का बसायचं, कुणाचा डबा कुणी शिवायचं नाही, मराठी बोलल्याबद्दल कुणाला दंड व्हायचा आणि कुणाला कधीच व्हायचा नाही, आणि मिस कुठल्या दिवशी रडून वर्गावर आल्या होत्या. त्यातलं काहीही विचारा, मी सांगते.”