दोन सेकंदांची पावती

बिराप्पा आबांना विचारल्याशिवाय वस्तीवरची मेंढीसुद्धा व्यायची नाही, असं त्यांची बायको भामाबाई म्हणायची. कवठे महांकाळच्या त्या बाजूला अडलेलं कोकरू सोडवावं ते आबांनीच. मात्र हा हात त्यांनी कुणाला दाखवला नाही. मुलगा अमृत शिकायला जवळ बसला, की कोपरानं ढकलत. "सर तिकडं. उजेड आडवू नको." आणि काम संपल्यावर वर विचारत, "बगितलंस न्हवं?" अमृतनं काय बघितलं असणार? आबांची पाठ.

गेल्या पावसाळ्यात ती पाठ खाटेला लागली. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीच्या दवाखान्यात भूल उतरल्या उतरल्या त्यांनी डॉक्टरांना हाड कसं बसवायला हवं होतं ते सांगितलं. पुढं मेंढरं घेऊन अमृत एकटाच आष्ट्याकडं उतरला, आणि आबा खाटेवरून त्याला दिवसाला वीस फोन करू लागले. मेंढरं पाणी प्याली का, कुणाच्या रानात बसवलीस, कुत्रं जेवलं का.

फोनची सोय नातीची. अमृतची मुलगी समीक्षा इंजिनियर; पुण्याच्या एका लहान कंपनीचं काम घरी बसून करायची. बारीक नेटवर्कवरही इंटरनेटवरून नीट बोलता यावं, असं ॲप ती मंडळी बनवत होती. चाचणीसाठी तिनं ते आजोबांच्या आणि वडिलांच्या फोनवर टाकलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी अमृतचा फोन आला.

"आबा, काळ्या कानाची अडलीया. पिल्लाचं डोकं बाहीर आलंय, पाय न्हाईत."

आबा उठून बसायला गेले आणि कळवळून पडले. काळ्या कानाची म्हणजे कळपातल्या निम्म्या मेंढ्यांची आई. जनावरांचा डॉक्टर तासाभरानं येणार होता, आणि मेंढीजवळ तेवढा वेळ नव्हता.

"तेलाचा हात कर. डोकं माघारी..."

"काय? आबा, तुकडं तुकडं ऐकू येतंय!"

खाटेशेजारी बसलेल्या समीक्षानं लॅपटॉप ओढला. त्या ॲपमध्ये ऐकणारा फोन बोलणाऱ्या फोनला सारखी पावती पाठवायचा : आवाजाचे इतके तुकडे पोचले, इतके उशिरा आले, इतके हरवले. ती पावती बघून बोलणारा फोन आवाज जाड, म्हणजे जास्त डेटाचा, किंवा बारीक करून पाठवायचा. पावत्या समीक्षानं सेकंदाला वीस ठेवल्या होत्या. वाट तुंबली तर लगेच कळावं, ही तिची धास्ती. स्वभाव आजोबांचाच. पण आष्ट्याच्या त्या रानात नेटवर्क सुतासारखं, आणि त्यातली बरीचशी वाट पावत्याच खात होत्या. आवाजाला जागा उरत नव्हती.

तिनं पावती दोन सेकंदांना एक केली. आवाज लख्ख झाला.

"कळ थांबली की डोकं आत ढकल. दमानं. आता बोटं खाली घाल. गुडघा लागतोय?"

"लागला."

"खूर तळहातात धर. आत खरचटाय नको. पाय बाहीर आन."

"आला! आबा, एक पाय आला!"

भामाबाईनं हात जोडले. आबा डोळे मिटून बोलत होते. खाटेवर त्यांची बोटं हवेतच खूर धरत होती. "आता वडू नको. दुसरा पाय आत दुमडलाय. आदी त्यो हुडक."

नेमकं तेव्हा आष्ट्याकडचं नेटवर्क खचलं. पावती यायला दोन सेकंद होते. तोवर इकडचा फोन बेफिकीर जाड आवाज ढकलत राहिला, वाट तुंबली आणि ही तिन्ही वाक्यं वाटेतच गेली. तिकडं अमृतच्या कानाला नुसती शांतता. मेंढीला कळ आली. पाय हातात आहे आणि बाप काही म्हणत नाही, म्हणजे बरोबर चाललंय, असं समजून त्यानं ओढलं.

कोकरू जगलं. मेंढी आतून फाटली. डॉक्टर पोचले तेव्हा ती थंड पडत होती.

संध्याकाळी समीक्षा आबांच्या पायाशी बसली. तिनं पावत्या पुन्हा बदलल्या होत्या : एरवी विरळ, पण आवाज हरवायला लागला की पुढच्या वेळेची वाट न बघता तिथल्या तिथं. हे तिला आधीही सुचायला हवं होतं.

"आबा, मीच मारली तिला. दोन सेकंद लय झाले."

आबा म्हणाले, "तुजं दोन सेकंद चुकलं, पोरी. मला त्याला शिकवाय चाळीस वर्सं व्हती."

त्या दिवसापासून त्यांचे फोन थांबले. चार दिवस झाले, सहा झाले. भामाबाईला हे मुकेपण सोसेना. "आवं, इचारा की लेकाला कायतरी. शिव्या द्या, पर बोला." आबांनी मान फिरवली.

आठव्या दिवशी ते म्हणाले, "मला रानात न्या." डॉक्टरांनी हिंडायला मनाई केली होती, आबांच्या मते हाड डॉक्टरांचं नव्हतं. जीपमध्ये उशा लावून समीक्षानं त्यांना आष्ट्याला आणलं. बांधाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं.

दुपारी एक पांढरी मेंढी अडली. अमृत बापाकडं बघून उभाच राहिला. "आबा, माज्यानं न्हाई हुनार."

"बस खाली."

"मग बोला की तुमी."

"चुकलास तर बोलंन. गप बसलो तरी मी हितंच हाय."

अमृतनं तेल लावून हात आत घातला. आबांनी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. अमृत मधेच थांबला, घामाघूम झाला. आबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. अमृतनं हात जरा वळवला, काहीतरी सापडल्यासारखा श्वास सोडला, आणि मेंढीला कळ येईपर्यंत तसाच थांबला. मग ओलं कोकरू पोत्यावर घसरलं आणि मेंढी मान वळवून त्याला चाटू लागली.

आबांनी मांड्यांखालून हात काढले. ते बधिर झाले होते.

"आत काय काय लागलं हाताला?" त्यांनी विचारलं. "सांग बरं सगळं."

अमृत चुलीजवळच्या बादलीत हात धूत सांगू लागला. त्यात दोन गोष्टी चुकीच्या होत्या. आबांनी त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं.