देवदत्त अजून चढतोय

देवदत्तचा फोन नीलांबरीने चालू ठेवला होता, पण त्यामागे हळवेपणा वगैरे काही नव्हता. घराचा कर, विमा, खेमेंटेची म्हणजे नगरपालिकेची पत्रं, सगळ्याचे लॉगिनचे कोड त्याच फोनवर यायचे. या देशात माणूस जातो, कोड येत राहतात. म्हणून फेल्डहोव्हनच्या त्या घरात तो फोन वॉशिंग मशीनवर कायम चार्जरला लावलेला असे.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी ती मशीनमधून कपडे काढत होती, तेव्हा तो वाजला. पडद्यावर ओळ होती, ‘देवदत्तने राइड पूर्ण केली.’

देवदत्तला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. नीलांबरी ओल्या चादरीसकट खालीच बसली.

आता हा देवदत्त कोण, ते सांगायला हवं. आइंडहोव्हनला चिप बनवण्याची यंत्रं जिथे तयार होतात, तिथे तो मोजमापाच्या विभागात होता. यंत्राकडून येणाऱ्या आकड्यांतला खरा भाग कुठला आणि खरखर कुठली, हे ओळखायचं आणि खरखर काढून टाकायची, हे त्याचं काम. त्या खरखरीला ते लोक ‘नॉइज’ म्हणतात. हा गडी ते काम घरीही घेऊन यायचा. बायकोशी भांडण झालं की शांतपणे म्हणायचा, “नीलू, यातलं तुझं म्हणणं एवढं, बाकी नॉइज.” अशा वेळी नीलांबरीला लाटणं हातात घ्यावंसं वाटे.

चाळिशी उलटल्यावर त्याला सायकलचं वेड लागलं. आणि वेड लागलं तेही कुठे, तर जिथे चढ म्हणून दाखवायला फक्त हायवेवरचा पूल आहे अशा देशात. त्या पुलावर तो शनिवारी सकाळभर वर-खाली करायचा. कुत्री फिरवायला आलेले डच आजोबा थांबून बघायचे आणि मान हलवून पुढे जायचे. पण देवदत्तचं मन इथे नव्हतंच, ते इटलीत होतं. मार्के नावाच्या भागात टेकड्यांवर टेकड्या आहेत, प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर एक गाव, मधून ऑलिव्हच्या बागा, द्राक्षांचे मळे आणि पांढऱ्या खडीचे रस्ते. हिवाळाभर तो कॉम्प्युटरवर तिथल्या वाटा आखत बसे. ही चढण जेवणाआधी घ्यावी, ही नंतर नको, इथे पाणी मिळतं, इथे म्हाताऱ्या बायका बाकावर बसतात त्यांना हात करायचा. मराठी मंडळातले तीन मित्र आणि तो, दरवर्षी मे महिन्यात त्याने आखलेल्या वाटांनी जायचे आणि रेन्झो नावाच्या माणसाच्या खानावळवजा घरात उतरायचे.

गेल्या मे महिन्यात एका लांब चढणीवर तो मित्रांच्या मागे पडला. ते वर पोचून वाट बघत राहिले. शेवटी रेन्झोच गाडी घेऊन खाली गेला. देवदत्त रस्त्याकडेच्या दगडी भिंतीला टेकून बसला होता. सायकल नीट उभी करून ठेवली होती. हृदय बंद पडलं होतं.

देह विमानाने आला, सायकल तिथेच राहिली. तेराव्याला पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विधी सांगणारे गुरुजी म्हणाले, “त्यांची रोजच्या वापरातली वस्तू अशा माणसाला द्या, जो ती वापरेल. अडगळीत टाकू नका.” छत्री आणि चपला द्यायची रीत तिला माहीत होती. पण देवदत्त छत्री कधी वापरायचाच नाही, पावसात भिजत सायकल हाणायचा. तिने रेन्झोला कळवलं, सायकल तुमची. हेल्मेट, सायकलवरचा छोटा कॉम्प्युटर, ठोके मोजायला छातीला बांधायचा पट्टा, सगळं तुमचं. फक्त वापरा. त्या कॉम्प्युटरमध्ये देवदत्तचं खातं तसंच आहे आणि रेन्झोच्या घरातलं वायफायही त्यात कधीचं साठवलेलं आहे, हे कोणाच्या ध्यानात येणार?

म्हणजे भूत नव्हतं. इतके महिने उभी असलेली सायकल रेन्झोने आता बाहेर काढली होती, आणि त्याची राइड देवदत्तच्या खात्यातून या फोनवर येत होती. दुपारपर्यंत नीलांबरीला सगळा उलगडा झाला होता. दोन मिनिटांचं काम होतं, रेन्झोला सांगून खातं बदलायला लावायचं. तिने सांगितलं नाही.

कारण त्या राइडसोबत नकाशा यायचा, आणि नकाशाखाली ठोक्यांची रेघ. टेकडी चढताना वर जाणारी, उतारावर खाली येणारी, आणि वर नाव देवदत्तचं. रेन्झोचं हृदय आहे हे तिला कळत होतं, कळून उपयोग नव्हता. देवदत्तने आखलेल्या वाटांवरूनच तो माणूस फिरत होता, वाटा त्या यंत्रातच होत्या. रविवार उजाडला की ती चहा घेऊन मशीनजवळ उभी राही. राइड आली की म्हणे, “आलास?” एकदा आली नाही, तर दिवसभर घरात भुतासारखी फिरली. हे चांगलं नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

एप्रिलमध्ये तिला त्या रेघेत काटा दिसला. चढणीच्या मध्यावर रेघ एकदम सरळ वर उडाली आणि तशीच खाली आली. पुढच्या रविवारी दोन काटे. त्याच्या पुढच्या रविवारी तर झुडूपच. असे काटे तिने पाहिले होते. देवदत्तची शेवटची राइड तिने इतक्या वेळा उघडली होती, की ती रेघ तिला डोळे मिटूनही काढता आली असती. काटा, पुन्हा काटा, आणि मग रेघ संपलेली.

गुंजन त्या शनिवारी डेल्फ्टहून घरी आली होती. ती तिथे इंजिनिअरिंगला. लेक बापाच्या वळणावर गेलेली, मराठी सगळं समजायचं, बोलताना इंग्रजीत घसरायची. नीलांबरीने पहिल्यांदाच तिला हे सगळं दाखवलं. गुंजन आधी रडली, मग चिडली, मग रेघ मोठी करून पाहिली.

“आई, दॅट्स जस्ट नॉइज. तोच पट्टा आहे ना? तो लूज कॉन्टॅक्ट द्यायचा. बाबांच्या राइड्समध्ये नेहमीच यायचे हे.”

“नेहमी कुठे? फक्त शेवटच्या राइडमध्ये आहेत. बाकी सगळ्या साफ आहेत.”

“बिकॉज मी साफ करायचे. बाबांना ते स्पाइक्स आवडायचे नाहीत. मी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. शेवटची राइड कोणी साफ केली नाही, सो...”

ती बोलता बोलता थांबली.

“कधीपासून यायचे?” नीलांबरीने विचारलं.

“बाबा जायच्या आधीचा विंटर. बाबा म्हणाले, नॉइज आहे.” मग अगदी हळू, “आय ऑल्सो सेड दॅट.”

एवढं बोलून ती वर खोलीत गेली.

नीलांबरीला सरळ दिसत होतं. पट्टा खराब असेल, तर रेन्झो ठणठणीत आहे आणि देवदत्तचे काटे म्हणजे नुसती खरखर. पोरीने काही झाकलं नाही, कोणाचं काही चुकलं नाही. आणि पट्टा चांगला असेल, तर सगळा हिवाळा ते हृदय ओरडून सांगत होतं आणि या घरातल्या दोन हुशार माणसांनी त्याचं तोंड बंद केलं. रेन्झोला फोन केला, की यातलं खरं काय ते कळणार. नाही केला, तर पट्टा खराब आहे असं जन्मभर म्हणता येईल. आणि दर रविवारी देवदत्त टेकडी चढत राहील.

मोह झाला. का होऊ नये? तिने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. असं दोनदा झालं. मग तिला ती दगडी भिंत आठवली. भिंतीला टेकलेल्या माणसाचा चेहरा मात्र या खेपेला देवदत्तचा दिसेना. तिने रेन्झोला फोन लावला.

“सिन्योरा! तुमची सायकल राणी आहे राणी,” तो मोडक्या इंग्रजीत ओरडला.

“रेन्झो, चढताना तुम्हाला दम लागतो का? डोळ्यांपुढे अंधारी येते?”

त्याचा आवाज खाली आला. “माझ्या बायकोने सांगितलं का तुम्हाला?”

“सायकलने सांगितलं. उद्या रविवार असला तरी डॉक्टरकडे जा. तोवर चढायचं नाही. कॉम्प्युटर सोबत न्या आणि रेघ त्यांना दाखवा.”

पुढच्या शनिवारी दुपारी त्याचा फोन आला. हॉस्पिटलातूनच बोलत होता. हृदयाची लय बिघडलेली, डॉक्टरांनी घरी सोडलंच नाही, छातीत एक लहान यंत्र बसवलं. पट्ट्याचंही विचारलं होतं तिने. पट्टा उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले, त्याने अगदी बरोबर मोजलं. “सिन्योरा, आणखी एका चढणीत मी गेलो असतो. देवदत्तने मला वाचवलं,” रेन्झो म्हणाला आणि रडू लागला. नीलांबरी त्याला धीर देत राहिली. काळजी घ्या म्हणाली, बायकोला नमस्कार सांगा म्हणाली. खातं काढून टाका, हेही तिनेच सांगितलं.

फोन ठेवला तेव्हा मागचं दार वाजलं. गुंजन स्टेशनवरून आली होती. पाठीवरची बॅगही तिने उतरवली नाही. रेन्झोला डॉक्टरकडे पाठवल्याचं कळल्यापासून, आठवड्याभरात पोरगी निम्मी झाली होती.

“रेन्झोचा फोन होता?” तिने चक्क मराठीत विचारलं. “काय म्हणाले डॉक्टर?”

“पट्टा खराब निघाला,” नीलांबरी म्हणाली. “रेन्झो अगदी ठीक आहे. पट्टा कचऱ्यात टाकला त्याने.”

गुंजन खुर्चीत बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून तिने श्वास सोडला, आणि तो बराच वेळ सुटत राहिला.

“मला वाटलं होतं आई, की मी बाबांना...”

“वेडी आहेस का? हात धू. आमटी गरम आहे.”

गुंजन पोटभर जेवली. नीलांबरी समोर बसून तिला वाढत राहिली.